आठ बोटांचा पेटीवाला

प्रेक्षकांना नट दिसतो, नटी दिसते, राजाचा मुकुट दिसतो, पुढच्या रांगेत बसलं तर मुकुटाला मारलेली टाचणीसुद्धा दिसते. पेटीवाला कुणाला दिसत नाही. तो बिचारा रंगमंचाच्या खाली, लोकांकडे पाठ करून बसलेला. मी मात्र चाळीसएक वर्षं रंगमंचावरून खाली बघत आलो. कधी राक्षस म्हणून, कधी राजाचा सासरा म्हणून, आणि मिसरूड फुटायच्या आधी तर चक्क दासी म्हणून. त्यामुळे आमच्या गोदाविहार नाट्यमंडळात कुणाचा चेहरा मला सगळ्यांत जास्त पाठ असेल, तर तो वाल्मीक देवरेचा.

वाल्मीक मूळचा सटाण्याकडचा. गावच्या भजनात पेटी वाजवायचा. अंबडच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर नोकरी लागली म्हणून नाशिकला आला, सिडकोत राहिला. १९८१ साली तो पहिल्यांदा आमच्या पंचवटीतल्या तालमीच्या खोलीत आला, तेव्हा कारखान्याच्या निळ्या शर्टातच होता. पायपेटीपुढे, म्हणजे आमच्या ऑर्गनपुढे, उभा राहून तो तिच्याकडे असा बघत होता, जसं कुणी स्थळ बघायला आलं आहे.

"पेटी वाजवतोस?" मी राजाच्या आवाजात विचारलं.

"वाजवतो. पण हिला आधी तेल पाहिजे."

त्या दिवशी त्याने एक सूरही वाजवला नाही. सगळी संध्याकाळ पेटीखाली उताणा पडून होता. बाहेर आला तो कोपरापर्यंत काळा झालेला. दुसऱ्या दिवशी तो वाजवायला बसला, आणि आमच्या मुख्य गायिका सिंधुबाई मधेच गायच्या थांबल्या. सिंधुबाई म्हणजे मंडळाच्या अगदी पहिल्या प्रयोगापासूनच्या. सतराव्या वर्षी तोंडाला रंग लावलेली बाई, कुणाला सहज चांगलं म्हणणारी नव्हे. त्या म्हणाल्या, "हा कुठून आणलात? याला माझा श्वास कळतो." आणि पुन्हा गायला लागल्या. एवढीच त्याची परीक्षा.

पंधरा वर्षं तो आमचा पेटीवाला होता. पहिली पाळी करून यायचा, डबा तालमीतच खायचा. बायको फुलाबाईही मग मंडळात आली. तिने रंगमंचावर पाऊल टाकलं नाही, पण शालू, शेले, पागोटी अशी सगळी कपडेपटाची पेटी तिच्या ताब्यात गेली, आणि तेव्हापासून आमच्या राजांच्या अंगाला कुबट वास येणं बंद झालं.

१९९६ साली प्रेसखाली वाल्मीकच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मधलं आणि अनामिका. मी दवाखान्यात भेटायला गेलो. पाठ करून नेलेलं बोलणं दारातच विसरलो. मी म्हणजे, रंगमंचावर पंधरा मिनिटं न थांबता शिव्याशाप देणारा माणूस! शेवटी तोच बोलला.

"अण्णा, तोंड का असं केलंत? अंगठा आहे, पहिलं बोट आहे, करंगळी आहे. सा आणि प तर नक्की वाजतील. मला तंबोरा म्हणून ठेवा."

फुलाबाई पदराने डोळे पुसता पुसता हसली. मीही हसलो. पण खाली रस्त्यावर आल्यावर पानाच्या टपरीमागे जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

कारखान्याने त्याला स्टोअरमध्ये बसवलं. तालमीला तो येतच राहिला. आमच्याकडे नवे पेटीवाले आले आणि गेले, आणि हा शेजारी बसून त्यांची पानं उलटायचा. त्याने कधी कुणाची चूक काढली नाही. फक्त एखादा चुकला की त्याची उरलेली बोटं मांडीवर बरोबर जागा दाखवायची. सिंधुबाई ते बघायच्या आणि तोंड फिरवायच्या.

मग १९९९ आलं. स्टोअरमध्ये नवे संगणक आले आणि जुना एक वाल्मीकच्या घरी आला. विंडोज पंच्याण्णववाला, पिवळट, पंखा घरघरणारा. कारखान्यातल्या एका इंजिनिअरला गाण्याचा नाद होता. त्याने परदेशातून आणलेला संगीताचा एक प्रोग्रॅम वाल्मीकला खोक्यासकट देऊन टाकला. खोक्यात एक सीडी, आणि किल्ली म्हणून एक पिवळी फ्लॉपी. सीडी घातली, फ्लॉपी दाखवली की प्रोग्रॅम एकदाचा मशीनवर चढायचा. त्यानंतर त्या फ्लॉपीचं काही काम नसे.

या प्रोग्रॅममध्ये ऑर्गनचा आवाज होता. पण तो वाजवायचा नाही, लिहायचा. पडद्यावरच्या रेघांवर माऊसने एकेक सूर ठेवायचा. वाल्मीकने आमच्या पहिल्या नाटकाची अकरा गाणी घेतली आणि सूर वेचून ठेवायला लागला. एका गाण्याला महिना. कारण तो नुसतं गाणं लिहीत नव्हता. सिंधुबाई कुठे श्वास घेतात, कुठे शब्द ओढतात, कुठे प्रेक्षकांकडे बघून उगीच थांबतात, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. म्हणून त्याने प्रत्येक गाण्याचे तुकडे केले आणि तुकड्यांना आकडे दिले. एक दाबला की मुखडा, दोन दाबला की पहिला अंतरा, तीनला मधली सुरावट. बाई लांबल्या तर तुकडा धरून ठेवायचा, लवकर आल्या तर पुढचा दाबायचा. आणि पट्टी हवी तशी वरखाली करायची. ही सगळ्यांत मोठी सोय, कारण बाईंचा आवाज आता काळी चारवरून पांढरी चारवर उतरला होता, आणि कुठल्या दिवशी आणखी किती उतरेल हे त्यांना स्वतःलाही सकाळी चहा घेतल्यावरच कळायचं.

तालमीत त्याने पहिल्यांदा तो डबा मांडला आणि मुखडा वाजवला, तेव्हा सिंधुबाई खुर्चीवरून उठून संगणकाच्या मागे जाऊन बघून आल्या.

"यात कोण बसलंय रे?"

"मीच बसलोय, बाई."

"मग बाहेर ये. अंतरा जरा हळू घे."

त्याने खालच्या बाणाची कळ दाबली. अंतरा हळू झाला. बाईंनी मान डोलावली. आमच्या मंडळाला पेटीवाला परत मिळाला.

हे सहा वर्षं चाललं. आणि २००५च्या श्रावणात तो पिवळट डबा एके दिवशी फट् असा आवाज काढून गेला. आतलं काय काय जळलं कोण जाणे, दुकानदार म्हणाला याचे भाग आता मिळत नाहीत. वाल्मीकची मुलगी तेजस्विनी तेव्हा नुकतीच पुण्यात नोकरीला लागली होती. तिने दसऱ्याच्या मुहूर्तावर बापाला नवा कोरा संगणक घेऊन दिला. एमजी रोडच्या दुकानदाराने जुन्या डब्यातल्या वाचलेल्या डिस्कवरून अकरा गाणी नव्यात उतरवून दिली. गाणी आली, पण उघडेनात. ती उघडायला तो प्रोग्रॅम पाहिजे, आणि तो प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चढेना. सीडी घातली की पडद्यावर चौकट यायची. या विंडोजवर हा प्रोग्रॅम चालत नाही, बास.

दुकानदार म्हणाला, "काका, हा एक्सपी आहे. तुमचा प्रोग्रॅम पंच्याण्णवच्या काळातला. नवा प्रोग्रॅम घ्या."

"नव्यात माझी गाणी उघडतील?"

"नाही. पुन्हा भरावी लागतील."

"मग यावरच जुनी विंडोज टाका."

"या मशीनचे भाग तिला ओळखणारच नाहीत."

अकरा गाणी पुन्हा भरायची म्हणजे वर्ष गेलं. आणि आमच्याकडे वर्ष नव्हतं. जानेवारीत मंडळाला पन्नास वर्षं होत होती आणि त्याच पहिल्या नाटकाचा प्रयोग ठरला होता.

इथे आमच्या मनोजची ओळख करून दिली पाहिजे. मनोज मंडळाचा चिटणीस. बँकेत नोकरी, काखेत डायरी, आणि मनाने अतिशय चांगला. पण त्याला सगळं आधी ठरलेलं लागतं. तो तालमीत म्हणाला, "वाल्मीकभाऊ, पंधरा डिसेंबरला हस्तपत्रिका छापायला जाणार. तोपर्यंत तुमचं झालं तर उत्तम. नाही तर मी एक कीबोर्डवाला बघून ठेवलाय. चांगला मुलगा आहे."

"त्याला माझी गाणी येतात?" सिंधुबाईंनी विचारलं.

"तो नोटेशन बघून वाजवेल, बाई."

"मी नोटेशन बघून श्वास घेत नाही."

"बाई, अहो, पण आयत्या वेळी—"

"असू दे मनोज," वाल्मीक म्हणाला. "त्याचं बरोबर आहे, बाई. प्रयोग अडता कामा नये. पंधरा तारखेला मी हो किंवा नाही सांगतो."

हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं, की मला दवाखान्यातला दिवस आठवला. त्या वेळी मंडळात परत यायला त्याच्याकडे निदान चेष्टा तरी होती. आता पुन्हा शेजारी बसून दुसऱ्याची पानं उलटायची वेळ आली असती, आणि एकोणपन्नासाव्या वर्षी माणूस ते दुसऱ्यांदा करत नाही. तो तालमीला यायचाच बंद झाला असता. हे मला कळत होतं, फुलाबाईला कळत होतं, आणि सिंधुबाईंना तर सगळ्यांत आधी कळलं होतं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अण्णा, तुम्ही रिकामे आहात. रोज त्याच्याकडे जाऊन बसा."

म्हणून मी रोज सकाळी सिडकोची बस धरू लागलो. मला संगणकातलं काय कळतं? काही नाही. पण संकटात शेजारी कुणी बसलं की बरं वाटतं, आणि बसणं मला जमतं. फुलाबाईच्या हातची नागलीची भाकरी आणि ठेचा हे निराळंच.

वाल्मीकने या कामाला कारखान्याचीच शिस्त लावली होती. मशीन बंद पडलं की लॉगबुकात लिहायचं : काय झालं, काय केलं, काय निघालं. तशी त्याने एक वही केली होती. ती वही मी पुष्कळदा वाचली आहे. त्यातले काही उतारे असे :

"प्रयत्न १. सीडी घातली. चौकट आली. कारण : विंडोज नवीन.

प्रयत्न ४. सीडी पुसून घातली. तीच चौकट.

प्रयत्न ७. तेजूला फोन. तिने सांगितल्याप्रमाणे बंद करून चालू केले. तीच चौकट.

प्रयत्न ९. कंपनीला पत्र टाकले होते ते परत आले. कंपनी बंद.

प्रयत्न ११. फुलाने नारळ फोडला. तीच चौकट. खोबऱ्याची चटणी चांगली झाली."

सोळा प्रयत्नांनंतर त्याने घरातली इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेतली आणि विंडोजच्या आत जी मदतीची पानं असतात ती पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. मी विचारलं, "अरे, हे सगळं वाचणार?" तर म्हणाला, "मशीनसोबत पुस्तक येतं ते वाचायला. कारखान्यात कुणी वाचत नाही आणि मग हातोडा मारतात." मी भाकरीकडे वळलो, कारण माझ्या मनात हातोड्याचंच काहीसं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी भाकरी खात होतो आणि आतून हाक आली. "अण्णा! हात धुवा आणि या! तुमच्या धंद्यातलं निघालं!"

पडद्यावर एक छोटी चौकट होती आणि तिच्यात जुन्या विंडोजांची नावं एकाखाली एक.

"हे बघा. या सेटअपवर माऊसची उजवी कळ दाबायची, आत जायचं, आणि सांगायचं की याच्यापुढे पंच्याण्णव होऊन उभा राहा. म्हणजे आत सगळा एक्सपीच. पण प्रोग्रॅमने विचारलं, कोण आहेस, की हा सांगणार, मी पंच्याण्णव."

"म्हणजे सोंग!"

"सोंगच."

माझा ऊर भरून आला. आयुष्यभर आम्ही जे करत आलो ते एवढ्या शिकलेल्या यंत्रालाही करावं लागतं! मी फुलाबाईला हाक मारली. "फुलाबाई, या लवकर, एक्सपीला लुगडं नेसवायचं आहे!"

"नेसवा तुम्हीच," ती आतून म्हणाली. "तुम्हाला सवय आहे."

वाल्मीकने पंच्याण्णवच्या नावापुढे खूण केली आणि सेटअप दाबला. फुलाबाईही हात पुसत येऊन उभी राहिली. चौकट आली नाही! एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत निघाली. पाव. निम्मी. पाऊण. मी टाळी वाजवायला हात वर केले, आणि पट्टी थांबली. प्रोग्रॅमने किल्ली मागितली.

"मागणारच," वाल्मीक म्हणाला. "फ्लॉपी आहे आपल्याकडे."

त्याने देवाच्या फळीवरून पिवळी फ्लॉपी काढून आणली आणि घातली. संगणकातून खर्र, खर्र, खर्र असा आवाज आला, जसं कुणी फुटक्या कौलावरून चालतं आहे. मग सूचना आली की फ्लॉपी वाचता येत नाही. त्याने ती बाहेर काढली, उजेडात धरली, आणि वरचं पत्र्याचं झाकण सरकवलं.

आत लाल होतं.

"हाई काय शे?" फुलाबाईच्या तोंडून माहेरची अहिराणी निघाली.

वाल्मीकने झाकणावरून बोट फिरवलं. मग एकच शब्द बोलला. "खंडेनवमी."

सांगतो. अंबडच्या कारखान्यांत खंडेनवमीला सगळी यंत्रं धुतात, झेंडूच्या माळा घालतात, प्रत्येक मशीनला ओल्या कुंकवाची बोटं ओढतात. वाल्मीकने घरीही तेच केलं होतं. संगणकाला हार, सीडीच्या खोक्याला स्वस्तिक, आणि ज्या किल्लीवाचून पेटी परत आली नसती त्या फ्लॉपीला, तिच्या चकचकीत झाकणावर, कुंकवाची चांगली भरघोस बोटं. एक वर्ष नाही, १९९९पासून सहा वर्षं. दर वर्षी थोडं थोडं कुंकू पाण्याबरोबर झाकणाच्या फटीतून आत उतरत गेलं.

"मी माझी विळी दुसऱ्या दिवशी धुऊन ठेवते," फुलाबाई म्हणाली. "तुम्ही हे तसंच ठेवलं?"

"पूजेचं कुंकू पुसायचं कसं?"

"मग आता वाचू द्या त्याला कुंकू!"

मी मधे पडायचा प्रयत्न केला, पण वाल्मीक उठून खिडकीशी गेला. त्या दिवशी दहा तारीख होती. तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "अण्णा, जाताना मनोजला सांगाल? त्या मुलाचं नाव छाप म्हणावं. उगीच पंधरापर्यंत थांबायला नको."

इतक्या वर्षांत मी त्याला हरलेला पाहिला नव्हता. मी चपला शोधू लागलो, आणि खरं सांगतो, त्या मला सापडू नयेत असं वाटत होतं.

"अण्णा, बसा," फुलाबाई म्हणाली. तिचा राग एकदम कुठल्या कुठे गेला होता. ती फ्लॉपी हातात घेऊन उलटसुलट करत होती. "अहो, याच्या आत काय असतं?"

"काही नाही. पातळ गोल चकती."

"दाखवा."

घरात वाया गेलेल्या फ्लॉपी होत्या. वाल्मीकने अनिच्छेनेच एक ब्लेडने कडेने कापली आणि आतली चकती काढून दिली. तपकिरी, पातळ, फडफडणारी. फुलाबाईने ती कडेला धरून उचलली, उजेडात बघितली, वाकवून बघितली.

"ही धुता येईल."

"फुला, हा शालू नाही."

"सिंधुबाईंच्या येवल्याच्या शालूवर दर प्रयोगाला कुंकू सांडतं. चोवीस वर्षं मी ते काढते आहे. एकदा तरी जरीकाठ काळा पडला? एकदा तरी डाग राहिला?"

"पण हिच्यावर अक्षरं आहेत. न दिसणारी. ती गेली तर?"

"चोळलं तर जातील. मी चोळत नाही."

वाल्मीकने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? मी नाट्यशास्त्रातला माणूस, मी हात पसरले. शेवटी तो म्हणाला, "तशीही ती वाचली जात नाहीये. पण शेवटचं पाणी बॅटरीत घालतात ते शुद्ध घ्यायचं, नळाचं नाही. नळाच्या पाण्याचे डाग राहतात."

"घ्या ना. आणा."

तो सायकल काढून कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून बॅटरीच्या पाण्याची बाटली घेऊन आला. तोपर्यंत फुलाबाईने रिठे भिजवून, हलवून, गाळून पातळ फेसाचं पाणी केलं होतं. आधी त्या वाया गेलेल्या चकतीवर कुंकू लावून वाळवलं आणि धुऊन पाहिलं. सुटलं. मग वाल्मीकने पिवळी फ्लॉपी कापली. अंगठा आणि करंगळी यांच्यात ब्लेड धरायची त्याची एक निराळीच पद्धत होती आणि ती चुकली नाही. चकती परातीत सोडली. फुलाबाई परात हलके हलके हलवत राहिली, जसं झोळीतल्या बाळाला हलवतात, आणि पाण्यात लाल धागे सुटू लागले. मी परातीची दुसरी कड धरून उभा होतो. एवढी महत्त्वाची भूमिका मला उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती आणि संवाद एकही नव्हता.

तीन पाणी रिठ्याची, तीन बॅटरीची. मग मलमलीच्या तुकड्यावर सावलीत ठेवली. पंखा लावायचा नाही, धूळ बसते. हात लावायचा नाही. बघत बसायचं नाही, असंही फुलाबाईने सांगितलं, पण ते आम्ही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी पोचलो तेव्हा वाल्मीक एका नव्या फ्लॉपीचं खोकं कापून, आतली चकती काढून, त्यात ही धुतलेली बसवत होता. कडेला चिकटपट्टी लावली. फ्लॉपी घातली.

खर्र, खर्र. वाचता येत नाही.

त्याने ती काढली, झाकण चारदा पुढेमागे केलं, पुन्हा घातली. खर्र. नाही.

"तिसऱ्यांदा," फुलाबाई म्हणाली, "देवाचं नाव न घेता घाला. तुम्ही फार नाव घेता आणि मग कुंकू लावता."

तिसऱ्यांदा खर्र झालं, मग थांबलं, आणि मग बारीक, एकसारखा, कापूस पिंजल्यासारखा आवाज येऊ लागला. पट्टी पुढे सरकली. पाऊण. पाऊणच्या पुढे. टोकाला टेकली. आणि पडद्यावर त्या प्रोग्रॅमची जुनी हिरवी खिडकी उघडली, आत अकरा गाण्यांची नावं, वाल्मीकने लिहिलेली. त्याने पहिलं उघडलं आणि एक दाबला.

मुखडा वाजला. ऑर्गनमधून वाजतो तसा, आमच्या पंचवटीच्या खोलीतून वाजायचा तसा. मला जे करायचं होतं ते मी केलं : भर सकाळी, सिडकोच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत, त्या नाटकातल्या राजाच्या सासऱ्याचा, म्हणजे माझा, पहिल्या अंकातला प्रवेश हातवाऱ्यांसकट म्हणून टाकला. शेजारची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. वाल्मीक गालातल्या गालात हसत तुकडे दाबत होता. फुलाबाई मात्र व्यवहारी. ती म्हणाली, "पुढच्या खंडेनवमीला याला फुलं वाहायची. लांबून."

वहीत नोंद आहे : "प्रयत्न २३. चालू."

मनोजला खरोखर आनंद झाला. त्याने त्या कीबोर्डवाल्या मुलाला स्वतः फोन करून प्रयोगाचं आमंत्रण दिलं. पण हस्तपत्रिकेच्या वेळी तो पुन्हा अडला. "ऑर्गन : वाल्मीक देवरे असं कसं छापायचं? ऑर्गन तर नाही. संगणक छापू का?"

सिंधुबाई म्हणाल्या, "तबल्यापुढे तू तबलजीचं नाव छापतोस की बोकडाचं कातडं छापतोस?"

ऑर्गन छापलं गेलं.

प्रयोगाच्या दिवशी थंडी कडाक्याची होती. नाट्यगृहात पायपेटीच्या जागी टेबल, टेबलावर संगणक, आणि वाल्मीक इस्त्रीच्या झब्ब्यात लोकांकडे पाठ करून. सकाळी बाईंनी पांढरी चार सांगितली होती. दुसरी घंटा झाल्यावर शाल घट्ट लपेटून विंगेतून वाकल्या. "वाल्मीक, पांढरी तीन कर रे." त्याने दोन कळा दाबल्या आणि वर न बघता म्हणाला, "झालं. दोन करू का?" "इतकी काही म्हातारी झाले नाही मी!" तिसरी घंटा झाली.

तिसऱ्या अंकातल्या बाईंच्या गाण्याला वन्स मोअर आला. सदुसष्ट वर्षांच्या बाईला, पन्नास वर्षांपूर्वीच्या गाण्याला. मी तेव्हा रंगमंचावरच होतो, सिंहासनावर, आणि माझ्यासमोर खाली वाल्मीकचा चेहरा होता. बाईंनी मुखडा घेतला, त्याने एक दाबला. अंतरा घेतला, त्याने दोन दाबला. आणि मग काय झालं कोण जाणे, टाळ्यांनी बाईंच्या अंगात वारं शिरलं. त्या गाणं सोडून निघाल्या. पूर्वी कधी न गायलेल्या जागेकडे, वर, मग आणखी वळसा घेऊन. वाल्मीकच्या तुकड्यांत यातलं काही नव्हतं. कुठला आकडा दाबणार? मी राजाचा सासरा, सिंहासनाचे हात घट्ट धरून बसलो.

त्याने काहीच दाबलं नाही. कळेवर बोट ठेवून, मान तिरकी करून नुसता ऐकत राहिला. खाली तबला तेवढा चालू. बाई एकट्या फिरून फिरून, दम राखत, खाली यायला लागल्या, आणि शेवटच्या अक्षरावर त्यांनी पाय ठेवला, त्याच क्षणी त्याची करंगळी पडली आणि मुखडा त्यांच्याखाली येऊन उभा राहिला. नाट्यगृह उठलं. बाईंनी प्रेक्षकांना नमस्कार केला, आणि नंतर खाली वळून एक त्यालाही केला.

पडदा पडल्यावर त्या रंगासकट तशाच खाली आल्या. वाल्मीक टेबलामागच्या वायरी सोडवत होता.

"काय रे, मधे मला एकटीला सोडून गप्प बसलास?"

"तुम्ही कुठं चाललात ते ऐकत होतो, बाई. फार छान होतं. घरी गेल्यावर सांगा, काय घेतलंत ते. आजच भरून ठेवतो, पुढच्या वेळी तयार असेल."

"मला काय ठाऊक काय घेतलं ते!" सिंधुबाई शालूचा घोळ सावरत म्हणाल्या. "आधीच ठाऊक असतं, तर पेटीवाला कशाला लागला असता?"

वाल्मीक वायर हातात तशीच धरून हसत सुटला. फुलाबाई बाईंच्या पदरावरचा नवा कुंकवाचा डाग बघायला पुढे झाली, आणि मनोज घड्याळ बघत ओरडला की नाट्यगृह नऊला रिकामं करायचं आहे.